शिवाशिवी

पहिल्याच दिवशी, डबे खाऊन झाल्यावर, जुळ्यांपैकी थोरल्याने (सात मिनिटांनी थोरला) जाहीर केलं, "आता शिवाशिवी!" गच्चीवर आम्ही मोठ्या माणसांत तिघी होतो, मुलांना शिकवणाऱ्या ताई, मी आणि जुळ्यांची आजी. तिघीही एकदम "नाही!" म्हणून ओरडलो. पोरं दचकली. धाकट्याने तर हात पाठीमागे लपवले, जणू काही चोरी पकडली गेली.

मग आजीच हसायला लागल्या. "बघ गं, शब्द तोच. माझी आजी सोवळ्यात असली की आम्हाला लांबून हाकलायची, शिवाशिव होईल म्हणून. मी म्हणायचे, मोठी झाले की हे सगळं बंद. आता बहात्तराव्या वर्षी नातवंडांना मीच ओरडतेय."

२०२० सालच्या दसऱ्यानंतरचा तो सोमवार. आदल्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, गच्चीवरच पाटीपूजन केलं होतं. पाच पाट्या, एकेका कुटुंबाने आपापली फुलं आणायची, हळदकुंकवाचा करंडाही आपापला. एकाच्या आकड्यांची सरस्वती काढताना माझ्या लेकीने इतके एक काढले की ती सरस्वती कमी आणि साळिंदर जास्त दिसत होती. तिला चौथं संपत आलं होतं. सात महिने तिने स्वतःच्या वयाच्या एकाही मुलाला हात लावला नव्हता.

त्या सात महिन्यांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचे सारखेच गेले. ९ मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले, त्या आठवड्याच्या शेवटी शाळा बंद झाल्या आणि आमचं पाळणाघरही. पाळणाघर म्हणजे मागच्या गल्लीतल्या एक काकू. दोन खोल्या, नऊ मुलं, दुपारी वरणभात आणि एका रांगेत झोपवलेली पोरं. ते पुन्हा उघडलंच नाही. जूनमध्ये काकूंनी फोन करून विचारलं, "तुमची सतरंजी नि दोन फ्रॉक आहेत माझ्याकडे, नेताय का?" तेव्हा मला कळलं की आपण वाट बघत होतो ती गोष्ट संपलेली आहे.

शाळेने ऑनलाइन वर्ग सुरू केले. पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी दिवसाला अर्धा तास, तोही मुख्यतः पालकांशी बोलण्यासाठी, असं सरकारी मार्गदर्शन होतं. कागदावर ते शहाणपणाचंच होतं. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात अठरा मुलं आपापल्या घरातले पंखे दाखवायची. माझी लेक चौथ्या दिवशी लॅपटॉपच्या मागे जाऊन बघत होती, बाई कुठून आत गेल्या ते. जुलैच्या २९ तारखेला नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं. तीन वर्षांपासूनची मुलं पहिल्यांदाच शालेय रचनेत मोजली गेली. म्हणजे शाळेच्या हिशेबात आमची पोरं आली ती नेमकी शाळा नसताना. पुढे शाळा उघडत गेल्या त्याही वरून खाली. आधी नववी ते बारावी, मग पाचवी ते आठवी. आमचा नंबर लागेपर्यंत २०२२ उजाडलं.

तर गच्ची.

कल्पना कोणाची यावर आजही आमच्यात वाद आहे. माझ्या आठवणीप्रमाणे जुळ्यांच्या आईची. तिचा आणि माझा, दोघींचाही घरून काम करता करता धीर संपला होता. एका रात्री जिन्यात कचऱ्याची बादली ठेवायला आलो असताना ती म्हणाली, "आठवड्यात निदान तीन तास सलग मिळाले तरी मी माणसात येईन." मी म्हटलं, तीन तास रोज का नाहीत? इमारतीत साडेतीन ते पाच वयाची पाच मुलं. जुळी, माझी लेक, बी विंगमधला एक मुलगा आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक, ज्याला आम्ही डंपर म्हणायचो कारण तो स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. गच्ची रिकामी. हवा खेळती. सेक्रेटरींकडे किल्ली. यात अवघड ते काय?

पहिली बैठक जिन्यातच झाली, एकेका पायरीवर एकेक जण, मास्क लावून. आणि पहिल्याच बैठकीत अवघड ते काय हे कळलं.

डंपरची आई एका मोठ्या रुग्णालयात नर्स होती. इमारतीत तिला सगळे सिस्टरच म्हणतात. मार्चच्या २२ तारखेला संध्याकाळी पाच वाजता आम्ही थाळ्या वाजवल्या तेव्हा ती ड्यूटीवरून परतत होती आणि फाटकापासून लिफ्टपर्यंत तिच्यावर टाळ्यांचा पाऊस पडला होता. मीही त्यात होते. माझा पितळी डबा त्या दिवशी पोचला, अजून तसाच आहे. ऑक्टोबरच्या बैठकीत तिचं नाव निघालं तेव्हा तीन पायऱ्या गप्प झाल्या. बी विंगमधले म्हणाले, "त्यांच्याबद्दल आदरच आहे हो, पण..." आणि त्या पणनंतर त्यांनी नुसता हात हलवला.

सिस्टर तिथेच होती, सगळ्यात खालच्या पायरीवर. ती म्हणाली, "मी वॉर्डात पीपीई घालते, बाहेर पडताना अंघोळ करते, घरी येऊन परत करते. तुम्ही भाजीवाल्याकडे काय घालता?"

कोणी उत्तर दिलं नाही. डंपर गटात आला. पण मला राहून राहून वाटतं, ती तिथे नसती तर तो आला नसता. आणि मीही काही बोलले नव्हते. मी वही आणते असं म्हटलं, बस्स.

ताई मिळाल्या त्या ओळखीतून. त्या जवळच्या एका खासगी बालवर्गात शिकवायच्या. बालवर्ग बंद, जागेचं भाडं परवडेना म्हणून मालकांनी सामान विकून टाकलेलं, आणि ताईंना एप्रिलपासून पगार नाही. सप्टेंबरात त्या घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेत होत्या. पाच मुलं, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, आठवड्याचे पाच दिवस, शिवाय रोज एका घरातलं एक मोठं माणूस मदतीला. महिना दहा हजार, मुलामागे दोन. यावरही घासाघीस झाली. बी विंगमधल्यांचं म्हणणं होतं की शाळेची फी आपण भरतोच आहोत, तर हे त्याच्यावर वरचं झालं, आठ करा. गाडीचा हप्ता सांगताना ज्यांचा आवाज जरासुद्धा खाली येत नाही, त्यांना ताईंच्या दोन हजारांनी ठसका लागला. असो. दहाच ठरले.

मग ताईंनी विचारलं, "माझी मुलगी आणली तर चालेल का? चार वर्षांची आहे. तिची अंगणवाडी बंद आहे, सासूबाईंना तिच्यामागे धावणं होत नाही."

ताई पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. पुन्हा पायऱ्या गप्प. "तिथे दाट वस्ती आहे ना," "नळ, संडास सार्वजनिक असेल," अशी कुजबुज. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत झालेल्या रक्तचाचण्यांचा अहवाल आला होता. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती, आणि त्या पाचांत पर्वतीचाही भाग होता. बी विंगमधल्यांनी तो आकडा ताईंच्या विरुद्ध वापरला, बघा, निम्म्या वस्तीला होऊन गेलाय. सिस्टरने तोच आकडा त्यांच्या बाजूने वापरला, होऊन गेलाय ना, मग आता धोका कोणापासून कोणाला जास्त? ताईंना आपल्यापासून. आपण सात महिने घरात बसलोय आणि आता बाहेर पडायला लागलोय.

सहावी आली. तिच्यासाठी पाटी माझ्याकडची.

वहीबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख खरं तर तिच्याविषयीच आहे. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, वाण्याकडे उधारी लिहितात तसली लांब वही. रोज सकाळी गच्चीच्या दाराशी स्टुलावर उघडी असायची, दोरीने पेन बांधलेलं. प्रत्येक घरासाठी तीन रकाने. कालच्या दिवसात बाहेर कोण गेलं, घरी कोण आलं, तब्येत. मोठ्या माणसाने मूल सोडताना भरायचं. रकाने मी आखायचे, रविवारी रात्री, आठवड्याभराचे. पट्टी धरून, लाल शाईने. मला ते काम मनापासून आवडायचं. बाहेर कशाचाच धरबंध राहिला नव्हता, आणि इथे माझ्या हाताखाली सगळं चौकटीत बसत होतं.

पहिल्या आठवड्यातली पानं आज वाचली की हसू येतं. "दूधवाला (दारातून)". "इस्त्रीवाला, कपडे ४८ तास बाहेर ठेवले". "मामेसासरे आले, आत घेतलं नाही". हे शेवटचं वाक्य एरवी कुठल्याही मराठी घरात लिहिलं गेलं असतं तर तीन पिढ्यांचं बोलणं बंद झालं असतं. दिवाळीच्या आठवड्यात वही फुगली. भाऊबीजेला कोण कोणाकडे जाणार हा प्रश्न आम्ही चार घरांनी मिळून जिन्यात बसून सोडवला. जुळ्यांच्या आईने भावाला गाडीच्या काचेतून ओवाळलं. लग्नाला पन्नासच माणसं चालत होती, त्यामुळे आमंत्रण न येण्याचा अपमान आणि आल्याचा मनस्ताप, दोन्ही त्या रकान्यात यायचं.

वहीमुळे आम्हाला एकमेकांची घरं कळली. कोणाकडे महिन्यातून दोनदा वसुलीवाला येतो. कोणाचा भाऊ रोज रात्री येऊन जिन्यातच जेवण घेऊन जातो. दहा वर्षं एका इमारतीत राहून जे कळलं नव्हतं ते तीन रकान्यांनी सांगितलं. मुलं सांभाळणं त्यामानाने सोपं निघालं. त्यांना गच्ची पुरे होती.

गच्चीला आधी आम्ही कठड्याच्या वर सहा फूट उंच हिरवी जाळी बांधली, माळी लावतात ती. सोलरच्या पत्र्यांभोवती दोरी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सहा बस्करं, सहा रंगांची. हात धुवायला तोटी बसवलेली बादली. डबा ज्याचा त्याने खायचा हा नियम पहिल्या दिवशी पावणेअकरा वाजता मोडला. ताईंच्या मुलीने गूळपोळीचा तुकडा डंपरच्या तोंडात घातला आणि आम्ही काही बोलायच्या आत तो गिळूनही झाला. मास्कवरून बी विंगमधले आठवडाभर अडून बसले होते, पण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्टमध्येच म्हटलं होतं. ते सिस्टरने फोनवर काढून दाखवलं, तेव्हा विषय मिटला. एरवीही त्या वयाच्या मुलाचा मास्क हा तासाभरात हनुवटीचा पट्टा होतो आणि दोन तासांत बाहुलीची झोळी.

मी सुरुवातीला अस्वस्थ असायचे. फळा नाही, तक्ते नाहीत, टेबलखुर्ची नाही. एकदा ताईंना म्हटलं, "हे शाळेसारखं काही वाटत नाही हो."

ताईंनी बालवाडीचा अभ्यासक्रम वीसएक वर्षांपूर्वी केलेला. त्या म्हणाल्या, "ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? बालवाडी काढली, तर पाड्यावरची मुलं येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. म्हणून ती अंगणवाडी. जी मुलं गुरांमागे जायची त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली, कुरणशाळा. शिंपले, बिया, खडे, हेच साहित्य." मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ही आपली टाकीशाळा."

अंगणवाडी हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. निळीपिवळी रंगवलेली खोली, वजनकाटा, खिचडी, पोलिओचा डोस. त्यात अंगण आहे हे कधी कानाला जाणवलंच नव्हतं. शिवाय अंगणवाडी म्हणजे 'त्यांची', आपली ती प्ले स्कूल, अशी वाटणी माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की ताईंच्या मुलीची अंगणवाडी आणि माझ्या मुलीची शाळा ही एकाच झाडाची फळं असतील हे सुचलंच नाही. आता दोघी एका टाकीखाली बसून चिंचोके मोजत होत्या. ताईंची मुलगी वीसपर्यंत न चुकता जायची. माझी चौदानंतर सोळा.

आणि शिवाशिवी. बंदी घातली तरी पोरांना खेळायचीच होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला, माणसाला नाही शिवायचं, सावलीला शिवायचं. सावलीवर पाय पडला की तो बाद. हा खेळ त्यांनी पाच महिने खेळला. नोव्हेंबरच्या सकाळी साडेनऊला सावल्या इतक्या लांब असायच्या की पळणं अशक्य. साडेअकरापर्यंत त्या आखूड व्हायच्या आणि खेळ अवघड होत जायचा. एकदा बाराच्या सुमारास धाकटा जुळा स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला आणि ओरडला, "माझी संपत चालली!"

आम्हा मोठ्यांना त्याचं फार कौतुक. मी व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. ताई मात्र जाळीपाशी उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, "किती हुशार आहेत नाही? सावलीची शिवाशिवी!" त्या म्हणाल्या, "हो. पण पुण्यात हा खेळ जुना आहे." आणि हसल्या. मला ते कळायला घरी जाऊन डाळीला फोडणी देईपर्यंत वेळ लागला. हातातली पळी तशीच राहिली. एके काळी सावलीचासुद्धा विटाळ मानणाऱ्या शहरात, त्यांच्या मुलीच्या नावाने पायऱ्या गप्प झाल्या होत्या त्या इमारतीच्या गच्चीवर, मी त्यांना ते कौतुकाने दाखवत होते. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलावं असं ठरवलं होतं. बोलले नाही.

आता फेब्रुवारी.

नवरा चाकणला एका कारखान्यात आहे. महिन्यातून पाचसहा दिवस त्याला जावंच लागायचं आणि ते आम्ही वहीत लिहायचो, "बाबा, चाकण, डबा घरचा". २०२१ च्या फेब्रुवारीत आकडे पुन्हा चढायला लागले होते, अमरावतीत नुकतंच परत लॉकडाऊन लागलं होतं. २४ तारखेला, बुधवारी, रात्री साडेदहाला त्याला फोन आला. सोमवारी ज्याच्यासमोर बसून तो जेवला, तो सहकारी पॉझिटिव्ह. पाऊण तास, समोरासमोर, बंद कॅन्टीन.

आमच्याच नियमाप्रमाणे, जो मीच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता, आमचं घर दहा दिवस बाहेर. आणि संपर्क आल्याचं बाकी घरांना लगेच कळवायचं, मग ज्याने त्याने ठरवायचं.

गुरुवारी सकाळी दहाला माझं सादरीकरण होतं. चार महिन्यांचं काम, वर्षाची बढती त्यावर. शुक्रवारी त्याचाच दुसरा भाग. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तो म्हणाला, "मला तर काहीच होत नाहीये." मी म्हटलं, "शनिवारी टेस्ट करून टाकू." एवढंच बोलणं झालं. भांडण नाही, चर्चा नाही. इतकं शांतपणे आम्ही घरातला कुठलाच निर्णय कधी घेतला नव्हता.

गुरुवारी सकाळी मी वही भरली. बाहेर, कोणी नाही. घरी आलं, कोणी नाही. तब्येत, ठीक. बुधवारच्या दिवसाबद्दल ते शब्दशः खरं होतं. सोमवारचं चाकण मंगळवारच्या सकाळीच लिहून झालेलं होतं. कुठे खोडायला लागलं नाही, कुठे वाढवायला लागलं नाही. पेन सोडलं तर ते दोरीवर जरा वेळ झुलत राहिलं.

गच्चीवर आजी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मधुमेह. साठीच्या वरच्यांचं लसीकरण १ मार्चला सुरू होणार होतं, त्यांच्या मुलाने नोंदणीसाठी आधार कार्ड काढून ठेवलं होतं. चार दिवस राहिले होते. माझी लेक धावत गेली आणि नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर चढली. आजीच्या मांडीला कुठल्याच नियमात रकाना नव्हता. मी दारातून बघितलं आणि खाली येऊन लॅपटॉप उघडला.

सादरीकरण छान झालं. मला त्यातला एकही शब्द आठवत नाही.

शुक्रवारी परत तेच. शनिवारी दोघांनी नमुने दिले, रविवारी संध्याकाळी निकाल आला, दोघंही निगेटिव्ह. मी त्या रात्री पुढच्या आठवड्याचे रकाने आखले. बढती मिळाली.

आपण त्या दिवसांत माणसांची दोन भागांत विभागणी केली होती, नियम पाळणारे आणि न पाळणारे. मास्क खाली घेऊन फोनवर बोलणाऱ्याला मी रस्त्यात टोकायचे. बी विंगमधल्यांनी जानेवारीत एक साखरपुडा लपवला होता, तो फोटोंवरून उघड झाला तेव्हा मी गटावर चार परिच्छेद लिहिले होते. विश्वास, जबाबदारी, आजींचं वय, सगळं होतं त्यात. त्यांनी माफी मागितली आणि दहा दिवस मुलाला घरी ठेवलं. ते परिच्छेद माझ्या जुन्या फोनमध्ये अजून असतील.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी सिस्टर मुलाला न घेता वर आली. दारापासून लांब उभी राहिली आणि मला म्हणाली, "तूच लिही आज, मी पेनाला हात लावत नाही. लिही, रात्रपाळीत एका रुग्णाला धरताना गाऊन फाटला, खांद्यापासून कोपरापर्यंत. मी सात दिवस येणार नाही, आठव्या दिवशी टेस्ट. डंपरलाही पाठवत नाही." मी लिहिलं. तिला लस जानेवारीतच मिळाली होती, दुसरा डोसही झाला होता. कोणी विचारलं नसतं. सात दिवस खालून डंपरचा आवाज यायचा, खिडकीतून तो वरच्या मुलांना ट्रकचे हॉर्न ऐकवायचा.

माझ्या अक्षरातलं तिचं ते पान आणि माझं पान यांच्यात बारा पानं आहेत.

गच्ची बंद झाली ती रंगपंचमीला, २ एप्रिलला. रंग नव्हतेच. ताईंनी बिटाच्या आणि हळदीच्या पाण्यात बोटं बुडवून कागदावर ठसे घ्यायला लावले, आजींनी वाळत घातलेल्या पापडांची राखण मुलांकडे होती आणि एका कावळ्याने ती पूर्णपणे निष्फळ ठरवली. संध्याकाळपासून सगळं घट्ट होत गेलं, सोमवारपासून राज्यभर 'ब्रेक द चेन'चे निर्बंध. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर सुरू झालेलं दुसऱ्याच्या अकरा दिवस आधी संपलं. पुढचे दोन महिने ॲम्ब्युलन्सच्या आवाजाचे होते. त्यात आमच्या इमारतीतली दोन माणसं गेली, गटातल्या घरांपैकी कोणी नाही. सिस्टर सहा आठवडे जवळपास दिसलीच नाही.

ताईंना आम्ही एप्रिल-मेचे पैसे द्यायचं ठरवलं. तीन घरांनी दिले. चौथ्या घराने नाही. मला वाटलं होतं बी विंगमधले अडतील, तर त्यांनी पहिल्याच दिवशी पाठवले. चौथं घर कोणतं ते सांगत नाही, त्यांची नोकरी गेली होती हे मला जुलैत कळलं. ताई आता एका बालवर्गात आहेत आणि पोळ्यांच्या ऑर्डरीही चालू आहेत, जास्त पैसे पोळ्यांत मिळतात म्हणतात.

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना लेकीला वही सापडली. तिला स्वतःचं काहीच आठवत नाही, सावल्यांचा खेळ तेवढा आठवतो, तोही बहुधा व्हिडिओमुळे. मधल्या पानांवर कोणीतरी काढलेले डंपर आणि साळिंदरासारखी सरस्वती बघून ती इतकी खूश झाली की फराळाचं ताट घेऊन जुळ्यांकडे जाताना वहीही काखेत मारून निघाली. मी "राहू दे" म्हणायच्या आत ती जिना उतरली होती.

मी गेले तेव्हा आजी चष्मा लावून एकेक पान उलटत होत्या. तीनही मुलं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "दूधवाला, दारातून!" वाचून जुळी हसून लोळत होती. आजी फेब्रुवारीपाशी थांबल्या, की मलाच तसं वाटलं. बोट रकान्यावरून खाली नेत म्हणाल्या, "किती नीट ठेवलीयस गं ही. एवढ्या सगळ्या वहीत कुठे एक खाडाखोड नाही."

मी चकली घेतली. वही अजून त्यांच्याकडेच आहे.